डुबानातलं भरलेलं पद

आमच्या टापूवर नर्सचं एक पद मंजूर आहे. कागदावर तिथं पाच नर्सा होत्या. प्रत्यक्षात मी एकटी.

धरण बांधलं तेव्हा गाव बुडालं, मागची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली आणि माणसं टेकडीवर चढली. अशा बुडीत मुलखाला आमच्याकडे डुबान म्हणतात. तीन पारे, म्हणजे पाडे, एकशे चाळीस घरं, चारी बाजूंनी पाणी, म्हणून टापू. काठ गाठायला डोंग्यानं, म्हणजे लाकडी होडीनं, सव्वा तास लागतो, वारा उलटा असला तर दोन. तिथं सरकारचं म्हणून एक उपकेंद्र आहे. दोन खोल्या, एक बाळंतपणाचं टेबल, एक कपाट आणि सहा वर्षं मी.

पाचाचा हिशोब सांगते. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. मंत्रालयाला जागा नव्हती म्हणून शहरातल्या एका दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसवलं. पुढचं सगळं त्याच चालीनं झालं. ज्याला त्याला राजधानीत राहायचं. पण नोकरी राजधानीत रिकामी नसते, ती रिकामी असते डुबानात. म्हणून नेमणूक डुबानातली घ्यायची. एक दिवस डोंग्यातून यायचं, हजेरीच्या रजिस्टरवर सही करायची, आणि आठवड्याच्या आत रायपुरात 'अटॅच' व्हायचं. पगार टापूच्या नावावर, खुर्ची रायपुरात. असा रिवाजच आहे. कोणी त्याला चोरी म्हणत नाही, उलट मुलीचं लग्न ठरवताना सांगतात, पोरगी रायपूरला अटॅच आहे.

चार वर्षांत अशा चार जणी आल्या. सही करून, पाण्याकडे बघून, 'दीदी, आप यहाँ कैसे रहती हो' म्हणून त्याच डोंग्यानं परतल्या. चौथी माझी सख्खी वहिनी, क्षमा. तिला सहीसाठी पेन मी दिला होता. भातही मीच रांधून घातला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी फार स्वच्छ दिसायला नको.

त्या वैशाखात मी तीन दिवसांच्या रजेवर रायपुरात गुढियारीला घरी आले होते. आईला लकवा मारल्याला वर्ष होत आलं होतं. मी चपला काढते न काढते तोच बाबांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

"बीरगांव!" बाबा म्हणाले. "ऑटोनं अर्धा घंटा. सहा वर्सं झाले पोरी, आता घरी राय."

"बदली? कोणी केली?"

"तुह्या बापानं. पस्तीस वर्सं रेल्वेच्या मालधक्क्यावर कागदंच त पायले म्या."

आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. नवीन निघालेल्या माहितीच्या अधिकारात त्यांनी खात्याला विचारलं होतं की या टापूवर किती पदं आहेत आणि माणसं किती. खात्यानं शिक्का मारून उत्तर दिलं: पद एक, कार्यरत पाच, नावं सोबत जोडली आहेत. बाबांनी तोच कागद अर्जाला लावला. एका पदावर पाच जणी, तेव्हा माझी मुलगी अतिशेष, म्हणजे जादा आहे, तिला शहरात घ्यावं.

"कागद त्याहीचा, शिक्का त्याहीचा," बाबा म्हणाले. "नाही म्हणतीन त कसे म्हणतीन?"

"बाबा, त्या चौघी तिथं नाहीत."

"मले काय सांगतं? एक त इथं सैपाकघरात पोळ्या करून राहिली."

"मग मी निघाल्यावर तिथं कोण?"

"चार जणी," बाबा म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. मग माझा चेहरा बघून थांबले. "तुले खुशी नाही झाली?"

झाली होती. खोटं कशाला बोलू? सहा वर्षं मीच अर्ज करत होते. पण टापूवर सुकवारोचे दिवस भरत आले होते. बारा दिवस राहिले होते.

सुकवारो चोवीस वर्षांची. अंगात रक्त जेमतेम सात. दोन वर्षांपूर्वी तिला कळा लागल्या तेव्हा मी इकडे मीटिंगला होते. घरच्यांनी काठावर नेलं, तिथून जीपनं शहरातल्या दवाखान्यात. मूल पोटातच गेलं. ते फडक्यात गुंडाळून तिनं बसनं परत आणलं, कारण मेलेल्याला गाडी मिळत नाही. या खेपेला मी महिनाभर तिच्या मागं होते, की आधीच शहरात जाऊन राहा. ती एकच म्हणे, "नइ जावंव. तैं रहिबे न, दीदी?" मी हव म्हटलं होतं, राहीन म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी खात्याच्या मोठ्या ऑफिसात गेले. बदल्यांचं टेबल चारुदत्त काकांकडे. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात आहे, असं ते दर तिसऱ्या वाक्याला सांगतात. दरवर्षी आमच्या मराठी लोकांच्या गणपतीत आरती तेच म्हणतात.

"काका, बारा दिवस द्या. नंतर जाते बीरगांवला."

"अगं, लोक माझ्या पाया पडतात बदली करा म्हणून. तू नको म्हणायला आलीस?"

"नको नाही म्हणत. बारा दिवसांनी म्हणते. एका बाईचे दिवस भरत आलेत."

"आदेशात 'तत्काळ' आहे, पद्मिनी."

"मग त्या चौघींपैकी एकीला बारा दिवस पाठवा."

"त्या संलग्न आहेत. त्यांना कसं पाठवणार?"

"मग मी अतिशेष कशी?"

"कारण त्या चौघी तिथं पदस्थ आहेत."

"म्हणजे मला काढायला त्या तिथं, आणि पाठवायला इथं?"

"बरोब्बर," काका म्हणाले. पोराला गणित सुटल्यावर मास्तर म्हणतो तसं. मग आवाज खाली आणला. "हे बघ, श्यामरावांनी, तुझ्या बाबांनी, गणपतीच्या मांडवात माझा हात धरला होता. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांच्यासाठी केलं मी. आता चौघींतल्या कोणालाही चार्ज दे, सही घे, मोकळी हो."

चार्ज म्हणजे केंद्रातल्या वस्तूंची यादी. किल्ली, कपाट, बीपीचं मशीन, तान्ह्याचा वजनकाटा, इंजेक्शनं, गोळ्या, रजिस्टरं. घेणारीनं सही केली की तिथून पुढं जबाबदारी तिची. मी तिथंच बाकावर बसून यादी केली. तीस ओळी झाल्या. मग एकतिसावी लिहिली: सुकवारो, वय चोवीस, नववा महिना, रक्त सात, पहिलं मूल पोटात गेलेलं. नग एक.

पहिली पिंकी. ती त्याच इमारतीत तळमजल्यावर टपाल घेते. टापूवरच्या सातशे लोकांना लस टोचायला नेमलेली बाई दिवसभर पाकिटांवर शिक्के मारते. मी यादी पुढं केली तर तिनं हात टेबलाखाली घेतले.

"दीदी, मैं क्यों लूँ? मैं तो जूनियर हूँ. हेमपुष्पा दीदी को दो न."

हेमपुष्पा एका नेत्याच्या बंगल्यावर असते. नेत्याच्या आईचं बीपी सकाळ-संध्याकाळ बघायचं, एवढीच ड्यूटी. गेटवरच्या शिपायानं मला उन्हात पाऊण तास उभं केलं. ती बाहेर आली, हाताला जायफळाचा वास.

"माताजी को नींद नहीं आ रही," ती म्हणाली. यादी वाचली आणि एकतिसाव्या ओळीवर बोट ठेवून हसली. "ये भी देके जा रही हो? मुझे नहीं चाहिए बाबा. मर-वर गई तो?"

"म्हणून तर देते आहे. मरू नये म्हणून."

"दीदी, आप बहुत सीधे हो," ती म्हणाली आणि आत गेली.

तिसरी दुलारी, अभनपूरला. तिचं सासर तिथं, म्हणून अटॅचमेंटही तिथं. बसनं गेले. ती खरंच काम करत होती, समोर चाळीस बायांची रांग होती. एका हातानं पोराला सुई टोचत ती मला म्हणाली, "मोला झन फँसा, दीदी, मला नको अडकवू. इथं पण मी एकटीच आहे. या बायांना सोडून तुझ्या बाईकडे जाऊ का?" मी यादी घडी करून पिशवीत टाकली. तिघींत तीच एकटी कामाची निघाली, आणि तिच्याही खुर्चीत दुसऱ्याच कोणाचं तरी पद होतं. ती दुसरी कुठं अटॅच होती कोण जाणे.

संध्याकाळी घरी आले. क्षमावहिनी आईचं अंग पुसत होती. आईचा उजवा हात उचलून काखेत टॉवेल फिरवायचा, पावडर टाकायची, कूस बदलायची. ती घराजवळच्या दवाखान्यात अटॅच आहे; रोज ड्यूटीच्या आधी आणि नंतर ती हे करते. माझ्या आईचं मी वर्षभरात सहादासुद्धा केलं नसेल.

"कोणी नाही घेतला नं चार्ज?" वहिनी म्हणाली. "आना इकडे. मी करतो सही. त्या तिघी भित्र्या हायेत."

हात पुसून ती मांडी घालून बसली आणि सरसर सह्या करत गेली. किल्ली घेतली, सही. कपाट, सही. तीस सह्या झाल्या आणि पेन थांबला.

"हे काय ताई?"

"यादीतलं आहे. नग एक."

"माणूस लिहितेत काय लिस्टात?"

"चार माणसं कागदावर राहतात, तर पाचवं का नाही?"

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ शेखर, टीव्हीवरून मान न वळवता म्हणाला, "यार पद्मी, एक साइन के लिए इतना तमाशा? कर देगी वो, काट दे वो लाइन."

"काटणार नाही. हिनं सही केली की उद्याच्या बसनं हिनं जायचं. बारा दिवस."

वहिनीनं पेन खाली ठेवला. तिला राग आला नव्हता, तेच मला जास्त लागलं.

"मी गेली त आईले कोन उचलन?" ती म्हणाली. "तुमी? बीरगांवले नवीन जागी पयल्या दिवशी सुट्टी मागसान? सांगा, ताई. तुमी सांगसान तसं करतो."

आईला बोलता येत नव्हतं. तिनं डावा हात उचलला आणि वहिनीच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

मी एकतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. "मग एवढी एक वस्तू माझ्याकडेच राहिली," मी म्हटलं. किल्ली मागितली. वहिनीनं लगेच दिली. "न्या. मले काय करायची?"

बाबा दारात आडवे उभे राहिले. "तू गेली त नोकरी जाईन. मी कोनाकोनाचे हात धरू?"

"माझ्यासाठी नका धरू," मी म्हटलं. बाबांचं तोंड एवढंसं झालं. त्या शब्दांची मला आजही लाज वाटते, पण ते मागं घ्यावेसे वाटत नाहीत.

सकाळच्या धमतरीच्या बसनं निघाले. दुपारी काठावर पोचले. डोंगा चालवणारा बिसाहू मला बघून उठलाच नाही.

"तोर त बदली हो गे हे, दीदी. ब्लॉकवाले मन बताइन."

"झाली. चल."

सुकवारोला कळा बाराव्या दिवशी नाही, पाचव्याच दिवशी सकाळी सुरू झाल्या. दुपारी मुलगी झाली. रडली चांगली. मग वार पडली आणि रक्त थांबेना. गादीखालून फरशीवर, फरशीवरून दाराकडे. कपाटातली इंजेक्शनं, जी आता माझी नव्हती, ती फोडली. सलाईन लावलं. एका हातानं तिचं पोट चोळत राहिले, दुसऱ्या हाताची मूठ आत. तिची सासू बाहेर देवाला नारळ बोलत होती, तिला ओरडले, की नारळ मागून, आधी पायाखाली विटा लाव. पाऊण तासानं पोट दगडासारखं घट्ट लागलं. सुकवारो पांढरी पडली होती, पण पाणी मागत होती.

पंधरा दिवस मी तिथं राहिले. पोरीच्या जन्माची नोंद केली आणि खाली सही केली, माझी. दुसऱ्या कोणाची करणार? हात माझे होते.

त्या सहीनंच मी सापडले. कारण मी निघाले त्याच दिवशी चारुदत्त काकांनी, बाबांनी नेऊन दिलेल्या यादीवरच्या वहिनीच्या तीस सह्या पुरेशा धरून, मला एकतर्फी कार्यमुक्त केलं होतं. बीरगांवला हजर झाले तेव्हा टेबलावर नोटीस ठेवलेली होती. कार्यमुक्त झाल्यानंतर आपण केंद्रात कोणाच्या परवानगीनं उपस्थित होता? शासकीय इंजेक्शनं कोणाच्या आदेशानं वापरली? सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा कारवाई.

चार वर्षांत गैरहजर चौघींना एक चिठ्ठी गेली नाही. हजर राहिले म्हणून नोटीस मला.

त्या रात्री मी खुलासा लिहायला बसले. पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. लिहिलं: केंद्रात पदस्थ कर्मचारी कोणीच उपस्थित नव्हतं, म्हणून मी उपस्थित होते. पदस्थ कर्मचारी पुढील ठिकाणी आढळतील. पिंकी, टपाल शाखा, तळमजला. हेमपुष्पा, अमुक यांचा बंगला. दुलारी, अभनपूर. चौथ्या ओळीला 'क्षमा' लिहिलं आणि बाबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

ते ओरडले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले.

"हे नाव गेलं की ते तिले उद्या टापूवर धाडतीन," बाबा म्हणाले. "धाडलंच पायजे, तुहं बरोबर हाय. फक्त मले येक सांग. परवा तुह्या आईनं अंथरूण खराब केलं तवा तू कुठी होती?"

"टापूवर."

"मी शेजारी बसून होतो. मले नाही जमलं. बायको हाय माही, चाळीस वर्सांची, अन् मले नाही जमलं. क्षमा ड्यूटी सोडून आली."

आतून आईला भरवतानाचा वहिनीचा आवाज येत होता. "आ करा आई. अजून येक. शाब्बास."

दुलारीसमोरच्या चाळीस बाया मला दिसत होत्या. तिचं नाव मी लिहिलं होतं. दुलारी माझी कोणी नव्हती.

कोरा कागद घेतला. खुलासा पुन्हा लिहिला. तीन नावांचा.

दीड महिन्यानं उत्तर आलं. बाबांनीच मोठ्यानं वाचलं. माझा खुलासा अंशतः मान्य. पुढील वेळेसाठी समज देऊन प्रकरण सोडून देण्यात येत आहे. आपण नमूद केलेल्या तीन कर्मचारी अन्यत्र संलग्न असल्याचं रेकॉर्डवर आहेच. चौथ्या कर्मचारी श्रीमती क्षमा यांच्या अनुपस्थितीबाबत आपली कोणतीही तक्रार नाही आणि केंद्राचा प्रभारही त्यांनीच स्वीकारलेला आहे. सबब त्या केंद्रात कार्यरत असल्याचं सिद्ध होतं. मंजूर पद एक, भरलेलं एक. तेथे नवीन नेमणुकीची आवश्यकता नाही. प्रकरण नस्तीबद्ध.

"सुटलो," बाबा म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. दादा म्हणाला, "देखा? फालतू में टेंशन ले रहे थे सब." वहिनीनं चहा ठेवला.

पावसाळा लागल्यावर एका दुपारी बिसाहूचा फोन आला. मी बीरगांवच्या दवाखान्यात होते, दारात कारखान्यातल्या बायांची रांग. फोनवर आधी खरखर, मग त्याचा आवाज.

"दीदी, नवा नर्स कब आही? ब्लॉकवाले मन कहिथें, आ गे हे. हमन त नइ देखे हन."

"कोनो नइ आवय, बिसाहू," मी म्हटलं. कोणीच येणार नव्हतं.

"त नाव काबर लिखाय हे?"

नाव का लिहिलंय, ते मी त्याला सांगितलं. नाव कोणाचं आहे, ती माझी कोण लागते, आणि ते खोडायची वेळ आली होती तेव्हा मी काय केलं. सगळं सांगितलं, सरळ, त्याच्या बोलीत जमेल तसं.

तो शिव्या देईल म्हणून मी फोन कानाला लावून उभी राहिले. त्यानं दिल्या नाहीत. फोन बंदही केला नाही. पलीकडून डोंग्यातलं पाणी डब्यानं उपसायचा आवाज येत राहिला, आणि मागं कोणी बाई कण्हत होती.

"कोन हे बिसाहू? डोंगा म कोन हे?" मी ओरडले.

"तोला का करना हे," तो म्हणाला. तुला काय त्याचं.